बन्यामीन वंशातील शौल

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. या सांगण्यात शहाणपण आहे. माणूस मोठा झाला की त्याचे काम पाहावे, घराण्याची चौकशी कशाला? पण ज्याने स्वतःच्याच हाताने आपले कूळ दोनदा पत्रांत नोंदवून ठेवले, आणि तेच कूळ आपण कचऱ्यासमान मानतो असेही त्यातल्या एका पत्रात सांगितले, अशा माणसाच्या बाबतीत हा दंडक थोडा बाजूला ठेवायला हरकत नसावी. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातील हा माणूस म्हणजे तार्स नगरीचा शौल, ज्याला जग संत पौल म्हणून ओळखते.

येशूच्या बारा शिष्यांना प्रेषित म्हणतात. बारा हा आकडा सहज आलेला नाही. याकोबाचे बारा पुत्र, त्यांच्यापासून इस्राएलचे बारा वंश, आणि म्हणून बारा प्रेषित. पुढे हे बारा जण बारा आसनांवर बसून बारा वंशांचा न्याय करतील, असे अभिवचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तेव्हा हे प्रेषित कोणकोणत्या वंशाचे होते, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. गंमत अशी की बारांपैकी एकाचाही वंश नव्या करारात सांगितलेला नाही. पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान हे गालीलातले कोळी. तो प्रदेश पूर्वी जबुलून आणि नफताली या वंशांच्या वाट्याला आला होता, एवढ्यावरून काही भाष्यकारांनी त्यांना त्या वंशांत घातले. मत्तयाचे दुसरे नाव लेवी, म्हणून तो लेवी वंशाचा, असेही कोणी म्हटले. पण नावावरून वंश ठरवायचा तर घोटाळा व्हायचा. आपल्याकडे तरी गावात राहणारे सगळे एका कुळीचे कुठे असतात? पुढच्या काळात एकेका प्रेषिताला एकेक वंश वाटून देणाऱ्या याद्याही तयार झाल्या. त्यांत भक्ती पुष्कळ आहे, पुरावा मात्र नाही.

नव्या करारात ज्यांचा वंश स्पष्ट लिहिला आहे अशी माणसे मोजकीच. येशू यहूदा वंशाचा. मंदिरात राहणारी वृद्ध विधवा हन्ना आशेर वंशाची. सायप्रस बेटावरचा बर्णबा लेवी. आणि पौल बन्यामीन वंशाचा. म्हणजे जो बारांमध्ये नव्हता, ज्याला प्रेषित म्हणवून घेण्यासाठी जन्मभर भांडावे लागले, नेमका त्याचाच वंश आपल्याला खात्रीने ठाऊक आहे.

हा बन्यामीन वंश कसा होता? याकोबाचा हा सर्वांत धाकटा मुलगा. बेथलेहेमच्या वाटेवर राहेल बाळंत झाली आणि त्यातच गेली. मरताना तिने मुलाचे नाव ठेवले ते दुःखाचा पुत्र अशा अर्थाचे. बापाने ते बदलून उजव्या हाताचा पुत्र, म्हणजे बन्यामीन, असे केले. जन्मतःच दोन नावे मिळालेला हा मुलगा. याकोबाने मृत्युशय्येवर मुलांना आशीर्वाद दिले, तेव्हा बन्यामीनला लांडग्याची उपमा दिली : सकाळी भक्ष्य फाडून खाणारा, संध्याकाळी लूट वाटून देणारा.

त्याच्या वंशजांना मिळालेली जमीनही लहानशीच, एफ्राईम आणि यहूदा या दोन बलाढ्य वंशांच्या मध्ये चेपलेली. शास्ते या ग्रंथाच्या अखेरीस या वंशाची एक काळीकुट्ट कथा आहे. गिबा गावात एका परगावच्या स्त्रीवर रात्रभर अत्याचार झाले आणि ती मेली. बन्यामिनांनी गुन्हेगारांना स्वाधीन करण्याचे नाकारले. गुन्हेगार आपले आहेत, एवढ्याच कारणासाठी साऱ्या वंशाने तलवार उपसली. बाकीचे सगळे वंश त्यांच्यावर उलटले. कत्तलीच्या शेवटी रिम्मोनच्या खडकात लपलेले अवघे ६०० पुरुष उरले. आपल्यातला एक वंश नाहीसा होणार म्हणून मग जिंकणारेच रडले, आणि त्या सहाशेंपासून बन्यामीन पुन्हा उभा राहिला. याच वंशातून इस्राएलचा पहिला राजा निघाला. त्याचे नाव शौल. उंचापुरा, शूर आणि संशयी. दावीद नावाच्या तरुणाचा हेव्याने पाठलाग करता करता त्याचे आयुष्य संपले. शलमोनानंतर राज्य फुटले. पुढे इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेकडील राज्य बुडवले आणि तिकडचे वंश पांगले. बन्यामीन मात्र यहूदाच्या सोबतीने दक्षिणेत राहिला होता. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या लोकांनी यरुशलेम उद्ध्वस्त केले. त्या हद्दपारीतून जे परतले, त्यांत बन्यामिनाचे वंशजही होते.

इतक्या शतकांनंतर एखाद्याला आपला वंश खरोखर ठाऊक असणे शक्य आहे काय, अशी शंका कोणी घेईल. आठवण टिकवण्याची साधने होती. यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात यरुशलेमच्या मंदिराला सरपण पुरवणाऱ्या घराण्यांचे दिवस दिले आहेत. त्यांत आब महिन्याचा दहावा दिवस बन्यामीन वंशातील एका घराण्याचा आहे. आठवण एका प्रकारेच टिकते असेही नाही. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज पाहावा. शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणाऱ्या या मंडळींना शेजारी शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आडनावे त्यांनी गावांवरून घेतली, बोली मराठी झाली. पण सुंता, शनिवार आणि शमा ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. पौलाच्या घराण्याने वंशाचे नावही टिकवले होते.

शौलाचा जन्म इ. स. च्या पहिल्या शतकाच्या आरंभी, किलिकिया प्रांतातील तार्स या भरभराटीच्या शहरात झाला. आज हे शहर तुर्कस्तानात आहे. भाषा ग्रीक, राज्य रोमचे, घर कट्टर यहूदी. किलिकियातील बकऱ्यांच्या केसांचे जाडेभरडे कापड प्रसिद्ध होते. शौल तंबू करण्याचा धंदा शिकला आणि पुढे जन्मभर त्याच धंद्यावर पोट भरत राहिला. जन्मतः त्याला रोमचे नागरिकत्व होते, ही त्या काळी मोठीच गोष्ट. शिक्षणासाठी तो यरुशलेमला गमलिएल या नामांकित गुरूच्या पायाशी बसला.

येथे एक बारीकशी पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. पौल आपल्या पत्रांत बन्यामीन वंश सांगतो, पण शौल हे नाव एकदाही लिहीत नाही. उलट प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात शौल हे नाव वारंवार येते, पण त्याच्या वंशाचा उल्लेख कोठेच नाही. दोन्ही एकत्र ठेवले की उलगडा होतो. बन्यामीन घराण्यातल्या आईबापांनी आपल्या वंशातील पहिल्या राजाचे नाव मुलाला ठेवले. दोन निरनिराळ्या लेखकांनी ठरवून न सांगितलेली गोष्ट अशी जुळते, तेव्हा ती विश्वासार्ह वाटते. धर्मांतरानंतर शौलाचा पौल झाला असा समज सर्वत्र आहे, पण तोही बरोबर नाही. त्या घटनेनंतर बराच काळ तो शौलच होता. सायप्रस बेटावर सर्ग्य पौल या रोमन अधिकाऱ्याची गाठ पडते त्या प्रसंगी त्याचे पौल हेही नाव ग्रंथात प्रथम येते. घरात एक नाव, बाहेर एक नाव, हा परदेशी राहणाऱ्यांचा नित्याचाच व्यवहार होता.

तरुण शौल आपल्या नावाला जागला. येशूच्या अनुयायांत स्तेफन नावाचा एक तेजस्वी वक्ता होता. जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे शौलाच्या पायाशी ठेवली. त्याने दगड उचलला नाही, पण त्या खुनाला त्याची संमती होती. मग तो घरोघर शिरून माणसांना ओढून तुरुंगात टाकू लागला. गिबा गावचा जुना इतिहास येथे आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या लोकांसाठी, आपल्या धर्मासाठी म्हणून माणूस किती निर्दय होऊ शकतो, हे त्याचे पूर्वज एकदा दाखवून गेले होते.

इ. स. ३३ ते ३६ च्या दरम्यान केव्हातरी तो दमास्कसला निघाला, तिथल्या अनुयायांना बांधून आणण्यासाठी. वाटेत आकाशातून एकाएकी प्रकाश पडला, तो जमिनीवर कोसळला, आणि तू माझा छळ का करतोस असे विचारणारी वाणी त्याला ऐकू आली. दावीदाचा पाठलाग करणारा पहिला शौल आणि दावीदाच्या वंशजाचा छळ करणारा दुसरा शौल, हे साम्य कार्थेजचा तर्तुलियन या भाष्यकाराने इ. स. २०० च्या सुमारास नेमके टिपले. लांडग्याच्या उपमेचा उलगडाही त्याने पौलातच पाहिला. सकाळी, म्हणजे तारुण्यात, कळपावर तुटून पडणारा. संध्याकाळी, म्हणजे उत्तर आयुष्यात, त्याच मेंढरांना अन्न वाटणारा. पुढे संत ऑगस्टिननेही हाच अर्थ उचलून धरला. याकोबाच्या मनात हे होते की नव्हते हा प्रश्न वेगळा. पण शापासारखा वाटणारा एक वारसा माणसाच्या हातून आशीर्वाद कसा होऊ शकतो, हे सांगायला त्यांना यापेक्षा चांगले उदाहरण मिळाले नसते.

तीन दिवस शौल आंधळा होता. ज्यांना धरायला तो आला होता त्यांच्यापैकीच हनन्या नावाचा एक जण भीत भीत त्याच्याकडे गेला आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारली. त्यानंतर ज्या गावात शिकारी म्हणून शिरायचे, त्याच गावातून शौलाला रात्री पाटीत बसून कोटावरून खाली उतरावे लागले. यरुशलेमला गेला तर तिथले अनुयायी त्याच्या सावलीलाही उभे राहीनात. त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबा हा लेवी होता. याच बर्णबाने पुढे तार्सला जाऊन त्याला अंत्युखियाला आणले, आणि तेथून दोघे प्रवासाला निघाले.

पुढची साधारण दहा-बारा वर्षे म्हणजे अखंड पायपीट. सायप्रस, गलतिया, मासेदोनिया, अथेन्स, करिंथ, इफिस. लुस्त्र गावात लोकांनी आधी देव म्हणून बैल कापायला काढले आणि मग त्याच लोकांनी दगडमार करून त्याला मेला समजून गावाबाहेर टाकले. फिलिप्पैत जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण लुदिया हिने घर उघडले, आणि त्याच गावात त्याला फटके मारून खोड्यात अडकवले. करिंथमध्ये त्याने दीड वर्ष तंबू शिवत काढले. तिथे गल्लियो या अधिकाऱ्यासमोर त्याला उभे केले गेले. या गल्लियोचा उल्लेख असलेला शिलालेख ग्रीसमध्ये डेल्फी येथे सापडला, आणि त्यावरून हा प्रसंग इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. पौलाच्या चरित्रातील बाकीच्या साली मोजायला हाच मुख्य आधार आहे.

या साऱ्या धडपडीचा गाभा एका प्रश्नात होता. यहूदी नसलेल्या माणसाला या नव्या बंधुत्वात यायचे तर आधी सुंता करून यहूदी व्हावे लागेल काय? पौल म्हणाला, नाही. इ. स. ४८-४९ च्या सुमारास यरुशलेमच्या बैठकीत हा वाद निघाला आणि मोठ्या चर्चेनंतर विदेश्यांवर सुंतेची सक्ती नको असे ठरले. पण ठराव झाला म्हणून पंगत एक होत नाही. अंत्युखियात पेत्र विदेशी बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही मंडळी येताच तो हळूच वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचेही उठले, बर्णबासुद्धा. तेव्हा पौलाने सर्वांदेखत पेत्राला खडसावले. येशूच्या पहिल्या शिष्याला, सर्वांत वडीलधाऱ्याला, ताटावरून असे बोलणे लहान गोष्ट नव्हती. कोण कोणाबरोबर जेवतो यावरच समाजाची खरी परीक्षा होते, हे त्याने जाणले होते. आपल्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

साहजिकच त्याच्या वंशावरच घाव घालण्यात आला. एबियोनी नावाचा यहूदी वळणाचा एक ख्रिस्ती पंथ होता. त्यांची कहाणी एपिफानियस या चौथ्या शतकातील लेखकाने नोंदवली आहे. पौल मुळात ग्रीक आईबापांचा. यरुशलेमला आला, याजकाच्या मुलीवर त्याचे मन बसले, तिच्यासाठी त्याने सुंता केली, मुलगी मिळाली नाही म्हणून रागाने सुंतेविरुद्ध लिहू लागला, अशी ती कहाणी. माणसाचे म्हणणे खोडता आले नाही की त्याची जात काढायची, ही युक्ती जुनीच आहे. उलट जेरोमने त्याच्या घराण्याचे मूळ गिस्कला गावी असल्याचे लिहून ठेवले. पौलाच्या हयातीतही त्याच्या प्रेषितपणावर आणि यहूदीपणावर आक्षेप घेतले गेले होते, हे त्याच्याच पत्रांवरून दिसते.

त्याने उत्तर काय दिले? फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात तो आपली सारी भांडवली मिळकत मांडतो. आठव्या दिवशी सुंता झालेला, इस्राएलाच्या जातीचा, बन्यामीन वंशाचा, इब्र्यांपासून जन्मलेला इब्री, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी. यादी पूर्ण होते आणि पुढच्याच ओळीत तो सगळीवर काट मारतो. जे लाभाचे होते ते ख्रिस्तासाठी तोट्याचे मानले, असे म्हणतो. ज्याच्याकडे काही नाही त्याने कूळ टाकावे यात विशेष ते काय? ज्याच्याकडे सर्व काही होते त्याने ते टाकले, म्हणून त्याला अर्थ आहे.

पण येथेच थांबलो तर पौल अर्धाच कळेल. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तोच वंश तो पुन्हा सांगतो, आणि तेथे त्याचा सूर अगदी वेगळा आहे. हे पत्र करिंथहून इ. स. ५७ च्या सुमारास लिहिले गेले. रोममधील विदेशी ख्रिस्ती आता यहुद्यांकडे तुच्छतेने पाहू लागले होते. देवाने त्यांना टाकले, आम्हाला घेतले, अशी भाषा सुरू झाली होती. ज्यांच्यासाठी पौलाने स्वकीयांचा मार खाल्ला तेच आता त्याच्या स्वकीयांना हिणवत होते. तेव्हा पौल विचारतो, देवाने आपल्या लोकांना टाकून दिले काय? मुळीच नाही, कारण मीही इस्राएली आहे, बन्यामीन वंशाचा आहे. आणि लगेच तो उरलेल्या शेषाविषयी बोलतो, एलीयाच्या काळच्या सात हजारांची आठवण देतो. सहाशे माणसांपासून पुन्हा उगवलेल्या वंशाचे नाव शेषाच्या चर्चेत यावे, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. त्याने जैतुनाच्या झाडाचा दृष्टांत दिला. विदेशी ही रानटी फांदी, जुन्या खोडावर कलम केलेली. फांदीने मुळापुढे मिरवू नये, कारण फांदी मुळाला धरत नाही, मूळच फांदीला धरते.

म्हणजे श्रेष्ठत्व मिरवायचे असेल तेव्हा कूळ कचऱ्याच्या किमतीचे, आणि त्याच कुळातल्या माणसांना कोणी हिणवत असेल तेव्हा पुढे येऊन मी त्यांच्यातला आहे म्हणायचे. आपण बहुधा नेमके उलट करतो. मानपानाच्या वेळी कूळ सांगतो आणि आपल्यातले कोणी अडचणीत आले की ओळख लपवतो.

हे त्याचे नुसते शब्द नव्हते. यहूदी सभास्थानात आपण पाच वेळा एकूणचाळीस फटके खाल्ले, असे त्याने करिंथकरांना लिहिले आहे. ही शिक्षा समाजाच्या आतल्या माणसालाच देता येई. तो रोमी नागरिक होता. मी तुमचा नाही असे म्हणून निघून गेला असता तर पाठ वाचली असती. पाच वेळा त्याने पाठ पुढे केली, कारण त्याला निघून जायचे नव्हते.

यरुशलेमच्या गरिबांसाठी विदेशी मंडळ्यांत गोळा केलेली मदत घेऊन तो शेवटचा तेथे गेला. इफिसच्या त्रफिम या विदेश्याला त्याने मंदिराच्या आतील अंगणात नेले, असा बोभाटा झाला. त्या अंगणाच्या कठड्यावर विदेश्यांना आत येण्यास मनाई करणारे आणि मोडल्यास मरणाची ताकीद देणारे फलक होते. त्यांतला एक शिलालेख १८७१ साली सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ज्याने माणसामाणसांतला कठडा काढायला जन्म घालवला, तो अखेर एका दगडी कठड्यावरूनच पकडला गेला. कैसरियात दोन वर्षे कैद, मग कैसराकडे दाद, मग समुद्रप्रवास. जहाज माल्टाजवळ फुटले, पण त्यावरची सर्व २७६ माणसे वाचली. रोममध्ये तो दोन वर्षे भाड्याच्या घरात पहाऱ्याखाली राहिला, आणि प्रेषितांची कृत्ये हा ग्रंथ तेथेच थांबतो. नीरोच्या कारकिर्दीत, इ. स. ६४ ते ६७ च्या दरम्यान, त्याचा शिरच्छेद झाला अशी परंपरा आहे. रोमच्या कोटाबाहेर त्याच्या नावाचे मोठे मंदिर आहे. तेथील शवपेटीतील अस्थींचे तुकडे तपासणीत पहिल्या-दुसऱ्या शतकातील ठरल्याचे २००९ मध्ये जाहीर करण्यात आले.

एका पत्रात पौल स्वतःला प्रेषितांत सर्वांत कनिष्ठ, जणू अकाली जन्मलेला, असे म्हणवतो. बन्यामीनही भावंडांत शेवटचा, आईच्या मरणात जन्मलेला. आईने त्याला दुःखाचा पुत्र म्हटले, बापाने उजव्या हाताचा. पौलाच्या आयुष्यात ही दोन्ही नावे खरी ठरली. ऋषीचे कूळ शोधू नये हे मान्य. पण हे कूळ शोधल्यावर एवढे तरी कळले, की वारशात काय मिळावे हे आपल्या हाती नसते, पण त्याचे काय करावे हे पुष्कळसे आपल्याच हाती असते.